पहिला घड मारुतीचा

सरकारनं मला पगार दिला तो रोग पसरवायला. थट्टा न्हाई करून राह्यलो, बिलकुल खरं हाय. जालन्याहून अंबडकडं येताना रस्त्याच्या कडंला एक सरकारी फारम होतं. तिथं मी राखणदार म्हणून लागलो. राखण वर्षातून महिना-दीड महिना, द्राक्षं पिकायला लागली की. बाकीच्या दिवसांत काम एकच. आसपासच्या मळ्यांत जायचं, द्राक्षाची रोगट पानं मागायची, गोणीत भरायची आन् आणून आमच्या चांगल्या वेलांवर झटकायची.

मळेवाले माझ्याकडं बघून आधी हसायचे, मंग घाबरायचे. त्यांच्या वेलांवर मोरचूद आन् चुना मारून मारून पानं निळी झालेली. आन् हे सरकारी पोरगं दारात उभं राहून म्हणतंय, "काका, तुमच्या वेलांवर केवडा पडलाय का हो? भुरी असली तरी चालंल."

एक म्हातारा माळी म्हणला, "समदा ने बाबा. मुळासगट ने. वर चहा पाजतो."

फारमावरचे साहेब तेलुगू होते. उंच, हडकुळे, खाकी कपडे, बाराही महिने छत्री. त्यांनी हैदराबादचं एक पांढरं गोड द्राक्ष आन् कुठलं तरी रानटी, चिवट, रोगाला दाद न देणारं काळं द्राक्ष, यांचं लगीन लावलं होतं. बिया पेरल्या, रोपं झाली, वेल झाले. आता त्या पोराबाळांत बापाचा रंग आन् आईचा चिवटपणा कुणात उतरला हे शोधायचं होतं. मंग त्यांना औषध कशाला मारायचं? त्यांच्यावर रोगच सोडायचा. जो मरंल तो मरंल, जो उरंल तो आपला.

मी पहिल्या दिवशी विचारलं, "साहेब, हे खायला कधी मिळणार?"

"खाने का अंगूर अलग, हौले. ये रस का है. रस मुरता है, शराब बनती है. सफेद शराब."

हे घरी सांगायची चूक मी केली. आमचे वडील अंबडच्या तहसिलीत कारकून. टोपी सरळ करून म्हणले, "म्हंजे तू दारूच्या खात्यात लागला." आईनं मात्र शेजारी सगळ्यांना सांगितलं, पोरगं शेतकी खात्यात हाय. दोघं पण खरंच बोलले.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हंजे पुढचं समजंल. मला नकला येतात. शाळेत असताना आमचे गुरुजी निजामाच्या राज्यात "बैठो" म्हणायचे. पोलीस ॲक्शन झालं, शाळा पुन्हा उघडली, तर त्याच खुर्चीत, त्याच छडीनं, तेच गुरुजी "बसा" म्हणून राह्यले. दोन्ही शब्दांच्या मधी ते जरा अडायचे, घशात काही तरी गिळायचे. ते गिळणं मला बराबर जमायचं. त्यावर अख्खा वर्ग लोळायचा. तहसीलदार, बस कंडक्टर, आमच्या वडलांचं शिंकणं, सगळं माझ्याकडं होतं. गावात चार पोरं जमली की मला मधी उभं करायची.

मंग ती पोरं गेली. कोण औरंगाबादला कॉलेजात, कोण हैदराबादला मामाकडं, कोण रेल्वेत. मॅट्रिकला मी काठावर पास झालो आन् फारमावर आलो. फारमावर आल्यावर पहिल्यांदा कळलं की नकलेला दोन माणसं लागतात. एक ज्याची करायची तो, आन् एक हसणारा. माझ्याकडं पहिली सगळी होती. दुसरं कुणीच नव्हतं.

राघू होते. राघूंसाठी मी मचाणावर उभा राहून तहसीलदाराच्या आवाजात ओरडायचो, "कोण आहे रे तिकडे! अर्ज आणला का?" पहिले काही दिवस ते उडायचे. मंग त्यांना कळलं की हा बदलीवरचा तहसीलदार हाय, ह्याच्या हातात काही न्हाई. ते फांदीवर बसून ऐकायचे. मी गुरुजी करायचो, कंडक्टर करायचो. संध्याकाळ व्हायची, राघू झाडांकडं निघून जायचे आन् मी मचाणावर एकटाच "बसा, बसा" करत राह्यलेला असायचो.

फारमावर तिसरं माणूस म्हंजे मावशी. वेलांना पाणी द्यायची, खुरपायची. शेजारच्याच वस्तीवरची, विधवा, हातात विळा न्हाई तर टोपलं, तोंडात तंबाखूची चिमट. मी तिच्यासमोर सगळे आवाज काढून पाह्यले. ती हसलीच न्हाई कधी. कंडक्टरचा आवाज काढला तर म्हणायची, "माझं तिकीट काढलंय." मुद्दाम करायची का खरंच, मला आजून ठाव न्हाई.

साहेबाची नक्कल मात्र मला जमत नव्हती. आवाज काही अवघड नव्हता. दख्खनी बोलायचे, "नक्को", "हौ", मावशीला "अम्मा", मला "हौले", म्हंजे येडा. "अम्मा" म्हणले की मावशी पदर डोक्यावर ओढून "जी" म्हणायची. पण ते बोलायचेच कमी. एक वाक्य बोलले की वेलाकडं बघत उभे राहायचे, आन् तुम्हाला वाटायचं आता बोलतील, आता बोलतील. गप्प माणसाची नक्कल कशी करणार? मी उभा राहून गप्प बसलो तर ती माझीच नक्कल व्हायची.

त्यांचं बिऱ्हाड हैदराबादला. फारमावरच्या खोलीत ते एकटे राहायचे, चिंचेचा भात करून खायचे. कधी मला बोलवायचे. त्यांच्या आंब्याच्या लोणच्याचा एक फोड खाल्ला आन् मी पाटात तोंड घालून बसलो. तेव्हा ते हसले. माझ्या एवढ्या नकलांवर न हसलेला माणूस मला पाणी पिताना बघून हसला. जेवण झालं की आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. ते गप्प, मी गप्प. दुरून हैदराबादकडं जाणाऱ्या काचीगुड्याच्या गाडीची शिट्टी आली की ते मान वर करायचे. बस एवढंच.

सकाळी मात्र त्यांच्या अंगात यायचं. एकेका वेलाजवळ बसून पान उलटं करायचे. "सामने से नक्को देख. उलटा कर. बीमारी पीछे बैठती." खरंच, केवडा पानाच्या पाठीवर बसतो. वरून नुसता पिवळा डाग, खाली कापसासारखं पांढरं. भुरी वरच दिसते, चुलीतली राख उडाल्यासारखी. वेलामागून वेल गेले. जो गेला तो साहेब स्वतः उपटायचे, मुळं झटकायचे, बांधावर ठेवायचे. मला करू द्यायचे न्हाईत.

शेवटी पाटाच्या कडंचा एक वेल राह्यला. त्याच्यावर मी गोण्याच्या गोण्या झटकल्या होत्या. शेजारचा वेल राखेनं भरून गेला, आन् हा आपला हिरवागार, उन्हात चकाकून राह्यलेला. मी त्याचं प्रत्येक पान उलटं केलं. काही न्हाई. साहेब बाजूला उभे होते. म्हणले, "हौ." मंग बऱ्याच वेळानं, "मगर फल नहीं देखा अभी."

कारण त्याला फळच लागलं नव्हतं. रोग लागत न्हाई हे कळलं, पण द्राक्ष कसं हाय हे कुणालाच ठाव नव्हतं. पांढरं हाय का काळं, गोड हाय का आंबट. त्या दसऱ्यानंतरची छाटणी झाली, फुटवे आले, आन् एका फुटव्याला घड दिसला. एकच. मोहरीएवढे दाणे.

आन् तेवढ्यात राज्य तुटलं.

हैदराबाद स्टेटचे तुकडे झाले. आमचा मराठवाडा मुंबईकडं गेला, तेलंगण आंध्रात गेलं, आन् सरकारी माणसं पत्ते वाटल्यासारखी वाटली. साहेब तेलुगू, ते तिकडं. हुकूम आला तेव्हा घड वाटाण्याएवढ्या दाण्यांचा झाला होता.

मी म्हणलं, "साहेब, ह्याच्या चार काड्या घेऊन जा की. तिकडं लावा."

"सरकारी है."

"तुम्ही पण सरकारीच."

"मैं अब दूसरे सरकार का." त्यांनी काड्या नेण्याची परवानगी मागितली होती. परवानगी आली न्हाई, त्यांनी पण काडीला हात लावला न्हाई. छत्री, ट्रंक आन् लोणच्याची बरणी, एवढंच घेऊन निघाले. बरणी पण स्टेशनावर मला दिली.

जालन्याच्या स्टेशनावर मी त्यांना सोडायला गेल्तो. गाडी लागली होती. खिडकीतून म्हणले, "फल पकेगा तो चख. मेरे कू लिख. मीठा है तो मीठा, खट्टा है तो खट्टा. दिल रखने कू झूठ नक्को लिख." कार्डावर घालायला पत्ता दिला. मला काही तरी मजेशीर बोलायचं होतं, सगळ्या नकला घशाशी आल्या होत्या. एकही बाहेर आली न्हाई. गाडी गेली.

परत आलो तर मावशी पाटाजवळ बसली होती. म्हणली, "गेले?" मी म्हणलं, "गेले." ती म्हणली, "मंग त्यांचा आवाज काढ." मी तोंड उघडलं. जमला न्हाई.

मंग नवीन साहेब आले, पुण्याकडचे. वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. हसरा, गोरा, पायात काळे बूट, बोलणं एकदम पुस्तकी. दोन फारमं सांभाळायचे, म्हणून जालन्यात राहायचे आन् आठ-पंधरा दिवसांनी इकडं यायचे. फारमावरून एकदा फिरले, माझ्याकडं वळले.

"अहो, हे कसलं द्राक्ष?"

मी सरळ सांगून टाकलं, "दारूचं."

ते मनापासून हसले. "अहो, मुंबई राज्यात दारूबंदी आहे. आज ना उद्या इथंही येणारच. दारूबंदीच्या राज्यात सरकारनं दारूचं द्राक्ष वाढवायचं?"

"पण रोग लागत न्हाई साहेब. बिलकुल न्हाई. मी स्वतः लावून पाह्यलाय."

"ते चांगलंच आहे," ते म्हणले. वेलापाशी वाकले, घडावरचं पान बाजूला करून बघितलं. "असं करू. ही जागा मला कपाशीला हवी आहे. पण हे फळ खाण्याजोगं निघालं तर वेल ठेवू. रोग न लागणारं खाण्याचं द्राक्ष मिळालं तर कोणाला नको आहे? पिकलं की मला निरोप द्या. मी स्वतः चाखेन."

म्हंजे त्या वेलाचा जीव आता एका घडावर आला. आन् घड माझ्यावर.

त्या हिवाळ्यात मी त्या घडाला जपलं तसं मला कुणी जपलं नसंल. मावशीनं जुन्या धोतराची पिशवी शिवली, ती घडाला घातली. राघूंसाठी मी दिवसभर मचाणावर. बाकीच्या फारमावर गहू उभा होता, मजूर यायचे, काम करून जायचे. वेलाकडं कुणी फिरकायचं न्हाई. जुन्या साहेबाची खोली बंद. संध्याकाळी ओट्यावर मी एकटाच बसायचो, आन् शिट्टी आली की आपोआप मान वर व्हायची. एकदा मला वाटलं, चला, हीच त्यांची नक्कल. पण बघायला कोण होतं?

माघ सरता सरता दाणे फुगले. हिरवे होते ते पिवळसर पांढरे झाले, उन्हात धरले की आतल्या बिया दिसायच्या. मी एकही दाणा तोडला न्हाई. एवढासा घड, नवीन साहेबाला नीट चाखता यावा म्हणून मी जिभेला आवर घातला. म्हणलं, त्यांनी खाल्ल्यावर उरंल त्यातला एक मी खाईन आन् हैदराबादला कार्ड लिहीन.

एका शनिवारी सकाळी हात लावला तर दाणा नरम. मी जालन्याला पळालो. नवीन साहेब म्हणले, सोमवारी येतो. मी खुशीत स्टेशनासमोर भजी खाल्ली आन् दुपारच्या बसनं परत आलो.

पिशवी वेलाला लटकत होती. रिकामी. फाटलेली न्हाई, व्यवस्थित नाडी सोडून काढलेली.

मावशी पाट बांधत होती. मी ओरडलो, "मावशे, घड!"

"वाह्यला," ती म्हणली.

"कुठं?"

"मारुतीला. शनिवार हाय ना आज." आन् माझं तोंड बघून तिला वाटलं मला समजलं न्हाई, म्हणून लेकराला सांगावं तसं सांगितलं, "नव्या वेलाचं पहिलं फळ मानसानं खायचं नस्तं. देवाला द्यायचं. तो साहेब उपटायचं म्हणतोय, मंग मारुतीच्या कानावर नको घालायला? मी सांगून आले, बाबा, वेल राहू दे."

तिनं सगळं बराबर केलं होतं. मी अंबडचा, माझ्या आईनं पण हेच केलं असतं. आमच्या परसातल्या पपईचं पहिलं फळ आईनं देवीला नेलं होतं, मी रडत होतो तरी. मलाच कसं सुचलं न्हाई की मावशीला सांगून ठेवावं? पण सांगणार तरी काय? देवाच्या आधी पुण्याच्या साहेबाला द्यायचंय म्हणून?

मंग मी वस्तीकडं पळालो. मारुतीसमोर घड नव्हताच. गुरवानं दाणे सुटे करून प्रसाद वाटला होता. मी त्यालाच धरलं.

"काका, तुम्ही खाल्ला का?"

"खाल्ला की."

"कसा होता?"

"प्रसाद होता."

"म्हंजे चवीला?"

गुरव माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी देवाच्या अंगावर पाय दिला. "प्रसादाची चव बघत्यात का? मी चावला न्हाई. गिळला."

पारावर एक दात नसलेले आजोबा होते. "मऊ होतं," म्हणले. "छान मऊ." एक नवी नवरी म्हणली, "गोड हो भावजी, साखरंसारखं." तिची सासू आतून ओरडली, "साखरंसारखं न्हाई, साखरच होती! खोबरं-साखरंत घालून दिलंतं!" दोन शाळकरी पोरांनी मात्र एकदमच तोंडं वाकडी केली, "आंबट!" आन् मंग एकमेकांना बघून हसायला लागली, तर वाटलं माझी चेष्टा करून राह्यले. पैलवान गडी होता एक, म्हणला, "कवाचं खाल्लं, आता काय याद. पर एक सांगतो, वास लई भारी होता. दाणा फोडला न् नाकात घुसला."

मी मारुतीसमोर जाऊन उभा राह्यलो. ज्यानं सगळ्यात आधी खाल्लं त्यालाच तेवढं विचारायचं राह्यलं होतं.

सोमवारी नवीन साहेब आले. सायकल लावली, रुमालानं बोटं पुसली, चाखायच्या तयारीत. "आणा."

मी सगळं सांगितलं. गुरवाचं गुरवाच्या आवाजात, नवरीचं नवरीच्या, सासूचं सासूच्या. मला वाटलं हसतील. हसले पण, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. किती महिन्यांनी कुणी तरी माझ्या नकलेवर हसलं होतं, आन् मला ते बिलकुल नको होतं.

मावशी टोपलं घेऊन पुढं आली. "साहेब, देवानं घेतलं की. वेल गुणाचा हाय म्हणूनच घेतलं. आता आजून काय पाह्यजे?"

"आजी," ते नरमाईनं म्हणले, "देवाच्या जिभेवर मी वरच्या कचेरीला काय लिहू?"

मी म्हणलं, "साहेब, एक वर्ष थांबा. पुढच्या सालाला चांगले पाच-सहा घड येतील."

ते वेलाकडं बघत थोडे थांबले. खरंच थांबले, मी बघितलं. मंग म्हणले, "अहो, पाण्याची पाळी कपाशीला ठरली आहे. आणि तुम्हीच सांगता, चव सांगणाऱ्या तिघांत दोघं आंबट म्हणाले." जाता जाता वळून म्हणले, "काड्या हव्या असतील तर घेऊन जा. चुलीला होतील."

हैदराबादच्या साहेबाला परवानगी मिळाली न्हाई ती मला अशी मिळाली, चुलीसाठी.

बैलजोडी आली. मी वेलाच्या काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आन् बांधावर बसलो. एक काडी मावशीनं उचलून टोपल्यात टाकली. कपाशीला राखणदार लागत न्हाई. माझी नोकरी त्याच आठवड्यात संपली.

अंबडला घरी आलो, परसात काड्या लावल्या. उन्हाळा तोंडावर, आमच्या आडाचं पाणी खारं. रोज पाणी घालायचो, रोज बघायचो. काही काड्यांना कोंब आले आन् वाळले. वडील जाता-येता म्हणायचे, "दारूचं खातं आता घरात आलं." वैशाखात मी शेवटची काडी उपटली.

हैदराबादच्या साहेबाला कार्ड लिहिलं. खोटं न्हाई लिहिलं. पहिला घड मारुतीनं खाल्ला, चव कळली न्हाई, वेल उपटला, असं सरळ लिहिलं. जागा उरली म्हणून खाली गुरव, आजोबा, नवरी, पोरं सगळ्यांचं मत बारीक अक्षरात लिहिलं. उत्तर आलं न्हाई. दुसरं लिहिलं. त्याचं पण न्हाई. बदली झाली असंल, पत्ता बदलला असंल. माणूस रागावणारा नव्हता. गप्प होता.

मंग मी एका अडतीवर हिशेब लिहायला लागलो. गावात नवीन पोरं आली, त्यांना माझे तहसीलदार, कंडक्टर ठाव नव्हते. नवीन तहसीलदार, नवीन कंडक्टर. मी नवीन आवाज शिकलोच न्हाई. कुणी आग्रह केला तर गुरुजींचं "बैठो-बसा" करून दाखवायचो, आन् लहान पोरं विचारायची, "हे बैठो कशाला म्हणतेत?" त्यांना निजाम ठाव नव्हता.

अशी काही वर्षं गेली आन् यंदा माघात, बाजाराच्या दिवशी, मावशी अडतीच्या दारात उभी. डोक्यावर टोपलं.

"इथं हाय का तू. चल."

"कुठं मावशे?"

"वेलाला घड लागलाय."

मला काही समजंना. म्हणलं, म्हातारी भ्रमली. तिनं टोपलं खाली ठेवलं, तंबाखू मळली, मंग सांगितलं. तिनं नेलेली ती काडी मारुतीच्या मागं, देवाला घातलेलं अंघोळीचं पाणी जिथून वाहून जातं तिथं खोचली होती. तिथं बारा महिने ओल. ती जगली. "साहेब दसरा झाला की कापायचे, मी पन कापते दर साली," म्हणली.

"आन् मला इतक्या दिवसांत सांगितलं न्हाई?"

"सांगायला काय होतं? नुसती पानं होती."

दुसऱ्या दिवशी अडतीवर खोटं बोलून गेलो. मारुतीच्या मागं भिंतीवर वेल चढला होता, वर लिंबाच्या फांदीपर्यंत. शेजारी कुणाचा तरी दोडका लावलेला, त्याची पानं भुरीनं राख झालेली. मी वेलाचं पान उलटं केलं. दुसरं केलं. तिसरं. मावशी बघत होती. म्हणली, "कितीबी उलटी कर. मी रोज करते."

घड एकच उरला होता, बाकीचे राघूंनी नेले. धोतराची तीच पिशवी घातलेली, धुऊन धुऊन जाळी झालेली. मी नाडी सोडली. पिवळसर पांढरे दाणे. मी हात पुढं केला आन् थांबलो. एकदम आठवलं. हा नवा वेल. हे पहिलं फळ. आन् आम्ही उभे कुठं, तर मारुतीच्या पाठीशी.

"मावशे," मी हळू म्हणलं, "हे पन देवाचंच का गं?"

तिनं विचार केला. खरंच बसली ती विचार करायला, दगडावर, हनुवटीला हात लावून. मला वाटलं आता उठंल आन् घड तोडून पुढच्या दारानं आत जाईल.

"काडी त्या जुन्या वेलाचीच ना?" तिनं विचारलं.

"त्याचीच."

"मंग वेल तोच हाय. नवा कुठं? पहिलं फळ मारुतीनं तवाच खाल्लं." आन् हात झटकून म्हणली, "खा."

मी एक दाणा तोडला. साल जाड. दाताखाली फुटला आन् पैलवान म्हणला तसा वास नाकात घुसला. मंग आंबट, एवढं की डावा डोळा मिटला. पोरं खरं बोलली होती. आन् मी थुंकणार तेवढ्यात मागून, जिभेच्या मुळाशी, गोड आलं. आलं आन् राह्यलं. मऊ पण होतं, आजोबा खोटं न्हाई बोलले.

"कसं हाय?"

"आंबट हाय मावशे. खायचं न्हाई हे. रसाचंच."

"मंग बरं झालं त्या पुन्याच्या साहेबानं खाल्लं न्हाई," ती म्हणली. "त्यानं खाऊन उपटलं असतं." तिनं एक दाणा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं, पण थुंकली न्हाई. बी तेवढी हातात काढून पदराच्या टोकाला बांधली. "आपल्या साहेबाला लिव्ह."

"लिहिलं होतं मावशे, दोनदा. ते कुठं हायेत तेच ठाव न्हाई."

ती रस्त्याकडं बघत राह्यली. एक बस गेली, धूळ खाली बसली. मंग म्हणली, "आवाज तरी काढ."

मी वेलाकडं वळलो. एक पान उलटं केलं, खाली ठेवलं. हात मागं बांधले. आन् काहीच बोललो न्हाई. बराच वेळ तसाच उभा राह्यलो. आतून काही यायची वाट बघत नव्हतो, वेलच बघत होतो.

"हौ," मी म्हणलं. मंग आजून थोडं थांबून, "खट्टा है. अच्छा है, अम्मा."

मावशी दगडावरून उठली. पदर डोक्यावर ओढून घेतला, वेलाच्या बाजूला सरकून उभी राह्यली आन् म्हणली, "जी."